आबांच्या घशातली वाट

“शेवंते, वाईच तूप कोमट करून आन,” आबा म्हणाले आणि माझं भाकरी थापणं थांबलं.

दुसऱ्या कुणाच्या घरी म्हाताऱ्या बापाला तूप खावंसं वाटलं असतं तर लेकीला बरंच वाटलं असतं. तोंडाला चव आली म्हणून तिनं चमचाभर जास्तच ओतलं असतं. आमच्या घरात मात्र कोमट तूप मागण्याचा एकच अर्थ होता. घशातून रक्त आलंय.

माझे वडील तलवार गिळायचे. म्हणजे तोंडातून थेट पोटापर्यंत उतरवायचे आणि लोकांनी श्वास रोखून धरला की परत बाहेर काढायचे. गावोगावच्या आठवडे बाजारात गोणपाट अंथरून आमचा खेळ चालायचा. आई दोरीवर चालायची. ती गेल्यावर आबांची तलवार आणि माझी ढोलकी एवढंच उरलं. लोक आम्हाला डोंबारी म्हणायचे, काही जण त्याहून वाईटही म्हणायचे. पुढे एका गुरुजींनी मला बाजारातून उचलून आश्रमशाळेत घातलं, मी शिकले आणि चक्क मास्तरीण झाले. माझी नेमणूक झाली त्या दिवशी आबांनी तलवार भीमेच्या पाण्यात सोडली आणि बोचकं घेऊन माझ्याकडे राहायला आले. त्यालाही आता बरीच वर्षं होऊन गेली होती.

मग हे रक्त कुठून आलं?

“जुनी जखम उकलली आसंल,” आबा म्हणाले. “तूप पोटात गेलं की बसंल जागच्या जागी.”

यात मला नवं असं काही नव्हतं. खेळात घसा खरचटला की कोमट तूप प्यायचं आणि जखम भरेपर्यंत मुकं राहायचं, ही आमच्यातली रीतच होती. त्याहून कडक रीत म्हणजे रक्त थुंकायचं नाही. गर्दीला रक्त दिसलं की तिची मजा जाते, बाया पोरांचे डोळे झाकतात आणि बघता बघता बाजार पांगतो. म्हणून तोंडात आलेलं रक्त आबा हसत हसत गिळून टाकायचे आणि चारी बाजूंना नमस्कार करायचे. लहानपणापासून हेच बघत आले होते, तेव्हा मीही मुकाट्यानं वाटीभर तूप कोमट करून दिलं. कधीपासून होतंय म्हणून विचारलं तर आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

माझे यजमानही शिक्षकच, माढ्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातले. माझ्याशी लग्न करण्यासाठी सगळ्या भावकीशी भांडलेला हा माणूस, पण आबांची तलवार काही त्यांनी कधी खरी मानली नाही. “मामा, ती घडीची होती, मुठीत मिटायची, आता तरी कबूल करा,” असं ते जेवताना चिडवायचे. आबा मिशीतल्या मिशीत हसायचे आणि भाकरीचा तुकडा मोडायचे. त्या दुपारी मात्र यजमान शाळेतून आले, आबांकडे पाहिलं आणि पायातली चप्पलही न काढता मला म्हणाले, “मामा असे का दिसतायत?”

मीही नीट पाहिलं. आबांचा काळासावळा चेहरा राखेसारखा झाला होता. कपाळावर घाम होता आणि हात गार पडले होते. परसाकडे जायला म्हणून आबा उठले, त्यांनी दाराची चौकट धरली आणि तिथेच बसकण मारली. मग ओकारी आली. आधी काकवीसारखं काळं, दाट, गुठळ्या गुठळ्यांचं. त्यामागून लालभडक. रस्त्यानं दोन बायका चालल्या होत्या, त्या थबकल्या. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं, झटकन तोंडावर हात दाबला आणि उरलेलं गिळून टाकलं. गिळून झाल्यावर त्यांनी त्या बायकांना नमस्कार केला.

तो नमस्कार पाहिला आणि मी गाडी बघायला धावले.

शेजारच्या हणमंताच्या जीपमधून आम्ही सोलापूर गाठलं. वाटेत आबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ते मधूनच काहीबाही पुटपुटत होते. कान देऊन ऐकलं तर बाजारांची नावं होती ती, करमाळा, वैराग, परंडा, अशी एकामागून एक. यजमान पुढच्या सीटवरून सारखे मागे वळून पाहत होते. आबांची नाडी बघायला म्हणून मी मनगट धरलं तर ती बोटांना सापडता सापडेना.

दवाखान्यात आम्हाला डॉक्टर मुजावर भेटल्या. वयानं माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीएवढ्या असतील. बोलणं हळू, हात मात्र चपळ. मला काही विचारण्याआधीच त्यांनी आबांच्या डाव्या हाताला सलाईन लावलं आणि यजमानांना रक्ताच्या बाटल्या आणायला पिटाळलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. दुखण्याच्या गोळ्या घेतात का? घेतात, म्हटलं, गुडघ्यांसाठी. मेडिकलवाल्याला सांगून स्वतःच आणतात आणि पहाटे कोऱ्या चहाबरोबर घेतात. त्या आधी काही खातात का? नाही. शौचाला काळी होते का? आता हे मला कसं ठाऊक असणार. आबा ओढ्याकडे जायचे.

“डांबरावानी हुती,” डोळे मिटलेले आबा बोलले. “लई दिस झालं.”

मला का सांगितलं नाही, असं मी विचारलं. ते सांगण्यासारखं आहे का, असं त्यांनी उलट मलाच विचारलं.

मग डॉक्टरांनी पोटात शेवटचं काय गेलंय ते विचारलं आणि मी वाटीभर तूप म्हणाले. त्यांचं पेन थांबलं. कशासाठी म्हणून त्यांनी विचारल्यावर मला सगळं सांगावं लागलं, तलवारीचं, घशाचं आणि तुपाचं. शाळेतल्या कुणालाही मी हे कधी बोलले नव्हते. सिस्टर सुई हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, “खरी तलवार?”

“खरी,” मी म्हटलं. त्यांनी आबांच्या गळ्याकडे क्षणभर पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागल्या.

त्यांनी मला बाजूला नेऊन नीट समजावलं. जखम घशात नव्हती, पोटात होती. गोळ्यांनी पडलेली. म्हाताऱ्या माणसांचं पोट अशा वेळी दुखतंच असं नाही, आतल्या आत रक्त जात राहतं आणि कुणाला कळतही नाही. आता ती रक्तवाहिनीच उघडी पडली असणार. तोंडातून दुर्बीण आत घालून ती जागा सापडली तर तिथल्या तिथे बंद करता येते. नाही सापडली तर पोट उघडावं लागेल आणि या वयात, एवढं रक्त गेल्यावर, आबा टेबलावरून परत येतील असं त्यांना वाटत नव्हतं. पूर्ण भूल द्यावी तर रक्तदाब तेवढा नाही. आबांना जागं ठेवूनच सगळं करायचं होतं.

“दुर्बीण आत गेली पाहिजे,” त्या म्हणाल्या. “बाकीचं मी बघते.”

खरं सांगते, मला हायसं वाटलं. नळी घशातून पोटात घालायची एवढंच ना? मी डॉक्टरांना मोठ्या रुबाबात म्हटलं की त्याची काळजी सोडा, आमच्या आबांनी याच कामावर मला वाढवलंय. त्याही थोड्याशा हसल्या.

दार लागलं. मी बाहेर बाकावर बसले. आतून आधी डॉक्टरांचा आवाज आला, गिळा आबा, गिळा. मग ओकारीचा आवाज, काहीतरी खाली पडल्याचा आवाज, सिस्टरचं ‘धरा, धरा’. पुन्हा शांतता. पुन्हा तेच. मला बसवेना. मी उठून दाराशी गेले तेवढ्यात ते उघडलं. डॉक्टर मुजावर उभ्या होत्या. त्यांच्या हिरव्या गाऊनवर छातीपासून खाली रक्त उडालेलं होतं.

“आत या,” त्या म्हणाल्या. “ते मला घालू देत नाहीयेत. भान नाहीये त्यांना. तुमचं ऐकतात का बघा. एकदा प्रयत्न करता येईल, फार तर दोनदा.”

आबा डाव्या कुशीवर होते. दातांमध्ये प्लॅस्टिकची पोकळ, गोल खुंटी बसवलेली, तिला वर पट्टा. डोळे उघडे पण कुठे बघताहेत ते कळत नव्हतं. दोन माणसांनी त्यांचे हात दाबून धरले होते आणि माझा तो काडीसारखा बाप त्या दोघांना हलवत होता. मी त्यांच्या तोंडाजवळ वाकले, आबा, मी आहे, शेवंता, म्हटलं. त्यांनी मला ओळखलं नाही. डॉक्टर दुर्बीण पुढे आणताच त्यांचा गळा असा काही आवळला की शिरा टरारून वर आल्या. हा गळा मला माहीत होता. तो असा आवळलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की आबांनी दुसऱ्याच्या हातून कधी काही गिळलेलंच नाही. तलवार त्यांच्याच हातात असायची. आणि माझी ढोलकी चालू असायची.

“त्यांचा उजवा हात सोडा,” मी म्हटलं.

धरणाऱ्यानं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

“सोडा,” त्या म्हणाल्या.

पलंगाशेजारी पत्र्याचं कपाट होतं. मी त्याच्यावर बोटं आपटली. बेतानं आपटायला गेले पण हात ऐकेनात. खेळात सुरुवातीला ढोलकी भरभर वाजायची, गर्दी जमवायची म्हणून. मग आबा तलवार पुसायला लागले की एकेक थाप सुटी सुटी पडायची. मान मागे गेली की त्याहून संथ. आणि मग एक थाप यायची, तिच्यानंतर काहीच नाही. ती थांबलेली वेळ सगळ्या बाजाराला ऐकू जायची. त्याच वेळी तलवार आत जायची. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आबांच्या गळ्याकडे बघून मीच शिकले होते. डॉक्टरांना मी चार शब्दांत सांगितलं की मी थांबले की घाला, त्याच्या आधी नको.

भरभर वाजवलं. आबांचा हात हवेत चाचपडत होता. मी ताल उतरवला. हात थांबला. अजून उतरवला. त्यांची नजर कुठूनतरी परत आली, माझ्यावर नाही, समोर, जिथे खेळात गर्दी असते तिथे. आबांनी हात वर नेला, डॉक्टर मुजावरांचं मनगट धरलं आणि दुर्बिणीसकट आपल्या तोंडाकडे ओढून घेतलं. डॉक्टरांनी हात सैल सोडला. मी शेवटची थाप मारली आणि थांबले.

गळा उघडला. टेबलाशी उभ्या असलेल्या सगळ्यांना ते दिसलं. हनुवटी पुढे आली, मानेच्या शिरा खाली बसल्या, खांदे उतरले आणि ती काळी नळी विहिरीत दोर सोडावा तशी आत गेली. ओकारी नाही, खोकला नाही. सिस्टर ‘अगं बाई’ म्हणाली, तेही स्वतःशी. डॉक्टरांच्या मनगटावर आबांचा हात तसाच होता.

“इकडे बघा,” थोड्या वेळानं त्या मला म्हणाल्या. त्यांच्यासमोर टीव्ही होता.

मी पाहिलं. लहानपणापासून ज्या तोंडात तलवार जाताना बघितली त्या तोंडाच्या पलीकडे काय आहे ते मला पहिल्यांदा दिसलं. गुलाबी, ओली, गुळगुळीत, सरळ खाली उतरणारी वाट. नळी पुढे जाईल तशी ती पुढे उघडत होती आणि मागे मिटत होती. खाली एक मिटलेलं दार आलं, नळी जवळ जाताच तेही उघडलं. मला माझा श्वास ऐकू येत होता. देवळात गाभाऱ्यापाशी जावं तसं मला वाटलं, हे लिहिताना संकोच वाटतो, पण तसंच वाटलं.

“एक ओरखडा नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “एवढ्या वर्षांची तलवार, आणि कुठे एक व्रण नाही.”

पोटात मात्र काळ्याकुट्ट गुठळ्या साचल्या होत्या. त्यांच्यावर माझं तूप तरंगत होतं, लहान लहान सोनेरी टिकल्यांसारखं. डॉक्टरांनी पाण्याचे फवारे मारून एकेक भाग धुतला, ते पाणी नळीतून ओढून घेतलं, पुन्हा धुतलं. आबा हलले नाहीत. शेवटी एका कोपऱ्यात पांढरट खड्डा दिसला आणि त्याच्या मधोमध रक्ताची बारीक धार उडत होती. ती सलग नव्हती. उडायची, बसायची, पुन्हा उडायची. आबांचं काळीज माझ्यासमोर, टीव्हीवर, ठोके देत होतं आणि प्रत्येक ठोक्याला थोडे थोडे आबा वाहून चालले होते. दुपारपासून, कदाचित कित्येक दिवस, ते काळीज एवढंसं रक्त घेऊनही नेमानं आपलं काम करत आलं होतं. मी हात जोडले. कुणाला जोडले ते मला आजही सांगता येणार नाही.

नळीच्या टोकातून सुई बाहेर आली आणि खड्ड्याच्या कडेला टोचली गेली. धार मंदावली. मग पाखराच्या चोचीसारखा बारीक चिमटा आला. पहिल्यांदा तो निसटला. डॉक्टरांनी ओठ घट्ट मिटले, आबांच्या श्वासाबरोबर नळी वरखाली होत होती तिचा अंदाज घेतला, आणि पुढच्या वेळी चिमटा बरोबर धारेच्या तोंडावर बसला. मिटला आणि तिथेच राहिला.

धार थांबली. आम्ही सगळे त्या टीव्हीकडे बघत राहिलो. ती पुन्हा आली नाही. डॉक्टरांनी पाणी मारून पाहिलं, तरीही आली नाही.

“आबा, झालं,” त्या म्हणाल्या. नळी बाहेर आली. तोंडातली खुंटी काढल्यावर आबांनी मोठा श्वास घेतला आणि हात जोडायचा प्रयत्न केला, पण एका हाताला सलाईन होतं. डॉक्टर मुजावरांनी त्यांचा दुसरा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या की असं आपल्याला पुन्हा कधी बघायला मिळणार नाही. त्यांचे डोळे भरले होते. माझी बोटं सुजली होती हे मला बाहेर आल्यावर कळलं.

यजमान रक्त घेऊन आले होते आणि दाराच्या काचेतून त्यांनी बरंच काही पाहिलं होतं. घडीच्या तलवारीचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

आबा त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्यात होते. गुडघे दुखायचे तेव्हा शेक घ्यायचे आणि मेडिकलवाल्याला शिव्या घालायचे. पण मला त्यांचं त्या दुखण्यातलं म्हणून आठवतं ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. त्यांना नीट जाग आली होती. गालांना थोडा रंग होता. आवाज बसलेला होता, म्हणून त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

“आत काय दिसलं?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. वाट गुलाबी आहे, म्हटलं, आणि ओली आहे. खाली एक दार आहे, ते आपणहून उघडतं. पोटाच्या आत लुगड्याच्या निऱ्यांसारख्या घड्या आहेत. आबा तोंड उघडं ठेवून ऐकत होते, बाजारात पोरं आमच्याकडे बघायची तसे.

“आनि हे समदं लख्ख दिसतं? उजेड हाय आत?”

“दुर्बिणीला दिवा असतो, आबा. त्याचा उजेड.”

सलाईन नसलेला हात आबांनी पोटावर ठेवला.

“मला काळोखच वाटायचा,” ते म्हणाले. “आत ढकलताना कुटं चाललंय काय कळायचं न्हाई. लई भ्या वाटायचं.”

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी राहून सगळं बालपण काढलं होतं. मिशीला पीळ देऊन गर्दीकडे हसणारा तो माणूस भ्यालाय असं मला एकदाही वाटलं नव्हतं. बाकी सगळ्यांना कशाकशाची भीती असते, आमच्या आबांना ती नाहीच, अशी माझी पक्की समजूत होती.

“कधी वाटायचं?” मी विचारलं. “सुरुवातीला?”

“रोज,” आबा म्हणाले.

त्यांनी माझा हात थोपटला.

“पुन्यांदा सांग,” ते म्हणाले. “पयल्यापासनं सांग. कसं कसं दिसतं त्ये.”

मी स्टूल पुढे ओढलं आणि त्यांच्या ओठांपासून सुरुवात केली.